चांदीचा आरसा

या परीक्षानळीवरून नजर हलवू नका.

आत टॉलेन्स रिएजंट आहे, म्हणजे अल्डिहाइड नावाची संयुगं ओळखायचं चांदीचं द्रावण, पाच मिनिटांपूर्वी केलेलं. ते दर वेळी ताजंच करावं लागतं. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला, की हा तपकिरी अवक्षेप येतो. मग अमोनिया, थेंबाथेंबाने. अवक्षेप विरघळला की हात थांबला पाहिजे. अमोनिया जास्त झाला तर आरसा नीट धरत नाही. नळीला तेलकटपणा राहिला, तर आरशाऐवजी नुसता काळा गाळ. म्हणून ती आधी नायट्रिक आम्लाने धुतलेली.

आता अल्डिहाइडचे थेंब. नळी गरम पाण्यात. हलवायची नाही.

(आठ सेकंद निवेदन नाही.)

१८३५ साली रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी जर्मनीत हेच पाहिलं होतं. चांदीचे आयन अल्डिहाइडकडून इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन काचेला बिलगतात. शेजारच्या नळीत ॲसिटोन आहे, म्हणजे कीटोन. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध त्यातही आहे, त्यामुळे हा बंध ओळखणारं २,४-डीएनपी हे रसायन वेगळ्या नळीत टाकल्यावर दोघांचाही असा पिवळा-नारिंगी अवक्षेप येतो. पण अल्डिहाइडमध्ये त्या कार्बनवर हायड्रोजन असतो, कीटोनमध्ये नसतो. म्हणून टॉलेन्स घातलं तरी ॲसिटोनची नळी तशीच नितळ राहते.

क्रियात्मक गट, म्हणजे रेणूचा गुणधर्म ठरवणारा अणूंचा गट, ओळखणं ते हेच. ‘चांदीचा आरसा दिसला’ हे वाक्य नळी हातात न धरताही जर्नलमध्ये उतरवता येतं, आणि कितीतरी मुलांना तेवढंच करायला मिळतं. प्रयोगशाळेतल्या या मुली ते स्वतः करताहेत.

ही पांढरी पूड सॅलिसिलिक आम्लाची. सोडियम बायकार्बोनेटमध्ये फसफसली: कार्बोक्झिलिक गट. आता फेरिक क्लोराइडचा एक थेंब. हा जांभळा रंग फिनॉलचा, म्हणजे बेंझीनच्या कड्याला जोडलेल्या ओएचचा. एकाच रेणूवर दोन्ही गट.

याच आम्लापासून ॲस्पिरिन बनतं. शुद्ध ॲस्पिरिन जांभळं होत नाही, कारण फिनॉलचा ओएच तिथे ईस्टर नावाच्या बंधात अडकलेला असतो. दमट हवेत जुनी झालेली गोळी मात्र हळूहळू फुटून पुन्हा सॅलिसिलिक आम्ल देते, आणि एका थेंबात रंग चढतो. ही गोळी तशीच आहे, बघा.

उरलेलं टॉलेन्स साठवायचं नसतं, त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतात; ते लगेच आम्ल घालून निकामी करतात.

आरशावर नायट्रिक आम्ल ओतलं, की चांदी पुन्हा द्रावणात जाते. नळी स्वच्छ. दुसरी बॅच दाराशी उभी आहे.