चेसिस कापण्याआधी

(दृश्य: नागपूर, मे महिन्यातली सकाळ. कामठी रोडलगतचं गॅरेज. बॉडी उतरवलेली जुनी जीप.)

लाकडी ठोकळ्यांवर बाजूला ठेवली आहे ती जीपची बॉडी. लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, उभी आहे ती तिची चेसिस. दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि ते पक्के धरणारे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवलेले खिळे. 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलिजची जीप भारतात जोडायला घेतली, तेव्हापासून या गाड्यांचा सारा भार अशाच सांगाड्यावर आहे. अॅम्बॅसेडरची गोष्ट वेगळी. तिला अशी सुटी चेसिस नाहीच, बॉडी हाच तिचा सांगाडा. तिथे कापण्याचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

(दृश्य: मागच्या कमानपाट्याजवळ (लीफ स्प्रिंगजवळ) पट्टीला लागलेला गंज. हातोडीचा हलका ठोका, पापुद्रे गळतात.)

इंग्रजी सी अक्षरासारख्या या पट्टीत चिखल साचतो आणि गंज आतून चढतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, ठोकलं की आवाज बद्द येतो. एवढा तुकडा काढून नवा बसवायचा आहे. कापायचं कशाने, हे ठरतं पुढे तिथे कसा जोड द्यायचा आहे यावरून.

(दृश्य: गॅस कटिंगची ज्योत.)

गॅस कटर गावोगाव आहे आणि झटपट काम करतो. पण उष्णता दूरवर पसरते, पट्टी वाकते, कडेला वितळलेल्या लोखंडाची मळी धरते, ती पुन्हा घासावी लागते. त्यातून जुन्या चेसिसमध्ये कोपऱ्याकोपऱ्यात ग्रीस आणि तेल मुरलेलं असतं. पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढल्या तरी धोका पुरता जात नाही. भंगारात जाणाऱ्या चेसिसला गॅस ठीक. जी पुन्हा रस्त्यावर धावायची आहे, तिला नको.

विजेच्या ठिणगीने आणि दाबाच्या हवेने कापणारा प्लाझ्मा कटर नेटका. मात्र त्याला कोरडी हवा लागते. नागपूरच्या पावसाळ्यात कंप्रेसरच्या हवेत पाणी उतरतं, आणि कटरची टिप लवकर खराब होते.

म्हणून इथे हाती आहे साधा चार इंची ग्राइंडर आणि एक मिलिमीटर जाडीचं कटिंग व्हील. व्हीलच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना-वर्ष छापलेला असतो, तो पाहूनच ते लावायचं, कारण जुन्या, ओल धरलेल्या व्हीलचा जोर कमी होतो. व्हीलवरचं संरक्षक गार्ड काढायचं नाही, म्हणजे नाही.

(दृश्य: मिस्त्री जॅक सरकवतात. दोन्ही पट्ट्यांमध्ये अँगलचे आडवे-तिरपे टेकू वेल्ड केलेले.)

“आधी टेकू लावा भाऊ, मंग कटर,” मिस्त्री म्हणतात.

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. टेकू नसेल तर काप पूर्ण होताच वजन खाली येतं, फट मिटते, व्हील चिमटीत अडकतं आणि ग्राइंडर अंगावर उसळतो. भार कुठल्या बाजूला झुकेल हे आधी ताडायचं, आणि टेकू असे लावायचे की फट उघडीच राहील. सोबत कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजून ठेवायचे, म्हणजे चेसिस तिरकी झाली का ते नंतर कळतं. हे माप सकाळी, सावलीत. तीन मीटर पोलाद पंचवीस अंशांनी तापलं तर जवळपास एक मिलिमीटर लांबतं, आणि एकच बाजू उन्हात असेल तर दोन्ही कर्णांचं जमत नाही.

(दृश्य: खडूची रेघ. सरळ उभी नव्हे, पायरीसारखी.)

काप सरळ उभा घेतला तर पुढचा सगळा वेल्ड एकाच रेषेत येतो, आणि ताणही तिथेच. म्हणून रेघ पायरीने किंवा तिरपी आखतात, आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात आधी भोक पाडतात, म्हणजे तिथून तडा सुरू होत नाही. रिव्हेटला ग्राइंडरने डोकं घासून, मध्ये पंच मारून, ड्रिल करून बाहेर काढायचं. शेवटची धार हातकरवतीने. इंचाला 24 दातांचं पातं घेतलं तर तीन मिलिमीटर जाडीत जवळजवळ तीन दात एका वेळी लागतात, आणि काप थरथरत नाही.

(दृश्य: चेसिस नंबरचा पंच, जवळून.)

हा भाग कापायचा नाही. नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे. शिवाय 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर चेसिसमध्ये बदल झालेला नसावा. गंजलेला तुकडा त्याच मापाने बदलणं आणि चेसिस लांब-आखूड करणं यांत मोठं अंतर आहे. म्हणून कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो जपून ठेवा आणि आरटीओत आधी विचारा.

(दृश्य: ठिणग्या. मग जोड, वेल्ड, पुन्हा टेप.)

डावी पट्टी जोडून झाली. कर्ण पुन्हा मोजले, ते जमले. आता कुठे उजव्या पट्टीवर खडू चालतो. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच कापायच्या नसतात.