जुन्या खेळण्यातल्या रेल्वेचा खोका: पैसे नेमके कशाचे?

मंडळी, मराठीत डबा रेल्वेचाही असतो आणि वस्तू ठेवायचाही. म्हणून आजच्या बोलण्यापुरतं ठरवून घेऊ: डबा गाडीचा, खोका पुठ्ठ्याचा.

रिकाम्या खोक्याला एवढे पैसे का, असं विचारलं की उत्तर येतं, दुर्मीळ म्हणून. ते खरंच आहे. इंजिन ओतीव धातूचं, ते टिकलं. खोका नाताळच्या सकाळीच फाटला. पण जाणकार संग्राहक पैसे मोजतो ते मुख्यतः पुराव्याचे. समोरची गाडी कोणती, कोणत्या काळातली आणि कशाबरोबर विकली गेली, हे खोका सांगतो.

खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लायनेल कंपनीचंच घ्या. १९५३ पासून निघालेल्या ६४६४ मालिकेतल्या बंद मालडब्यांना मूळ क्रमांकापुढे जोडक्रमांक असतो: ६४६४-१, ६४६४-२५ असा. खोक्याच्या टोकाच्या झडपेवर तो असतो. जोडक्रमांक जुळला नाही तर खोका लायनेलचा खरा, पण त्या डब्याचा नव्हे. टेंडरचंही, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्याचंही, तसंच. क्रमांकाच्या शेवटी 'डब्ल्यू' असेल तर तो खोका शिट्टीच्या टेंडरचा. त्यात बिनशिट्टीचं टेंडर निघालं, तर कुणीतरी जोडाजोड केली आहे असं समजा.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र संचाचा बाहेरचा खोका. तो बहुधा साधा, मोठा, अडगळीचा. म्हणून आधी तोच गेला. मोठ्या दुकानांसाठी बांधलेले कितीतरी संच लायनेलच्या कॅटलॉगमध्ये आलेच नाहीत. त्यांचा क्रमांक त्या बाहेरच्या खोक्यावरच आहे. तो गेला की संच मोडला. उरतात सुटे डबे. उलट १९६० च्या दशकातल्या स्वस्त संचांत डबे बिनखोक्याचे, नुसत्या पुठ्ठ्याच्या आडपट्ट्यांत बसवलेले असत. तिथे प्रत्येक डब्याला स्वतंत्र खोका दिसला, तर संच 'पूर्ण' म्हणून खूश होऊ नका. ते खोके नंतर आलेत.

आता प्रत पाहायची कशी? १९५४ साली स्थापन झालेल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन या अमेरिकेतल्या संग्राहकांच्या संघटनेनं गाड्यांना सी-१ ते सी-१० अशा श्रेणी दिल्या, १० सर्वांत उत्तम. कागद आणि खोक्यांसाठी 'पी'ची वेगळी मोजपट्टी आहे. इंजिन सी-८ आणि खोका पी-५ असू शकतो. दोन्ही स्वतंत्र लिहावेत, सरासरी काढू नये. दोन्ही टोकांनी उघडणाऱ्या खोक्याला सहा झडपा असतात: प्रत्येक टोकाला एक मोठी, दोन आतल्या लहान. लहान झडपाच आधी तुटतात आणि विकणारा त्याच मोजायला विसरतो. मग आतला पुठ्ठ्याचा साचा, सूचनापत्र, सुट्या भागांचं पाकीट बघा. हे नसेल, तर बाहेरून चकचकीत खोकाही अपुराच.

नकली खोके आहेत, आणि चांगले आहेत. भिंगाखाली लायनेलच्या खोक्याच्या सलग केशरी रंगाऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर छपाई अलीकडची. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तरी सावध व्हा. कागद उजळ करणारी ती रसायनं साधारण १९५० नंतर रुळली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या खोक्यावर ही चमक शंकास्पद. १९५० नंतरच्या खोक्याबाबत तिच्यावरून काही ठरत नाही. घड्या पाहा: जुन्या घडीत पुठ्ठ्याचे तंतू थकलेले असतात, कडा मळलेल्या असतात. सगळं सारखंच पिवळं दिसलं, तर बहुधा चहाची कमाल.

सर्वाधिक खोके मात्र मालकाच्याच हातून बिघडतात. जड इंजिन झडप धरून ओढायचं नाही. दोन्ही टोकं उघडायची, एका बाजूनं हळू ढकलायचं, दुसऱ्या बाजूनं तळहातावर घ्यायचं. चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून पुठ्ठ्यात मुरतो आणि पट्टी ओढली की छापील थरासकट निघते. फाटलं असेल तर आतल्या बाजूनं पातळ जपानी कागद, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि वाळेपर्यंत वजन. दुरुस्ती विकताना सांगायची. रंग भरून कडा उजळवल्या, तर तो पुरावा खोडल्यासारखा आहे.

साठवण ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत, उन्हापासून दूर. पिशवी पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसी नको. पीव्हीसीच्या वायरी थर्माकोलला टेकून ठेवल्या, तर वायरीतला मऊपणा आणणारा द्रव थर्माकोलात उतरतो आणि दोन्ही चिकटून वितळल्यासारखे होतात. जुना स्पंजही काढून टाका. तो भुगा होऊन रंगाला चिकटतो. काढण्याआधी फोटो घ्या, म्हणजे मूळ मांडणी हरवणार नाही.

आणि दुकानदाराचं जुनं लेबल किंवा किमतीचा शिक्का पुसू नका. कोरियन युद्धाच्या काळात अमेरिकेत किंमतनियंत्रण होतं, तेव्हाच्या काही खोक्यांवर 'ओपीएस'चा, म्हणजे ते नियंत्रण पाहणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावाचा, शिक्का सापडतो. दिसायला डाग, पण त्यावरून खोका कोणत्या दोन-तीन वर्षांत दुकानात होता ते कळतं.