राणीच्या आधीची व्हिक्टोरिया

(दृश्य : बाणकोटचा किल्ला. खाली सावित्री नदीचं मुख, पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर.)

वेसवीहून बागमांडल्याची फेरीबोट पकडायच्या आधी थोडी वाट वाकडी करावी आणि या किल्ल्यावर यावं. जांभ्याचा तट, जांभ्यातच खोदलेला खंदक आणि समोर समुद्राला मिळणारी सावित्री. हा बाणकोट. आंग्र्यांच्या काळातला हिम्मतगड. इंग्रजांच्या कागदपत्रांत याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया.

नाव ऐकलं की इंग्लंडची राणीच डोळ्यांसमोर येते. पण इंग्रजांनी हा किल्ला घेतला १७५५ साली आणि राणीचा जन्म १८१९ चा. किल्ल्याचं बारसं झालं तेव्हा ती जन्माला यायला साठाहून जास्त वर्षं होती.

मग ही व्हिक्टोरिया कोण?

व्हिक्टोरिया हा मुळात लॅटिन शब्द. अर्थ सरळ आहे : विजय. १७५५ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा कमोडोर जेम्स तुळाजी आंग्र्यांवर चालून आला, तोही पेशव्यांशी संगनमत करून. सुवर्णदुर्ग पडला, पाठोपाठ बाणकोट. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. मग ऑक्टोबर १७५६ मध्ये तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिला. दोन्ही किल्ल्यांच्या नावांचा अर्थ एकच, एकाचं संस्कृतातलं, दुसऱ्याचं लॅटिनमधलं. तहाच्या कागदावर विजय देऊन विजय घेतला गेला. आंग्र्यांचं आरमार मात्र त्या दोन वर्षांत बुडालं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तशी ताकद पुन्हा उभी राहिली नाही. हे आठवलं की या तटावर उभं राहताना आजही जीव हळहळतो.

(दृश्य : जुनी रोमन नाणी. पंख असलेली स्त्री, हातात पानांचा मुकुट.)

रोममध्ये व्हिक्टोरिया ही देवी होती. पंख असलेली, कारण विजय उडत येतो आणि तसाच उडून जातो, अशी तिच्याकडे बघायची एक रीत. पॅलाटाइन टेकडीवर तिचं देऊळ उभं राहिलं इ. स. पू. २९४ मध्ये. इ. स. पू. २९ मध्ये ऑक्टेव्हियननं तिची मूर्ती आणि वेदी थेट सिनेटच्या सभागृहात बसवली. सभेला येणारा प्रत्येक सदस्य आधी तिथे धूप घालायचा.

पुढे साम्राज्य ख्रिस्ती झालं आणि त्या वेदीवरून मोठा वाद पेटला. सम्राट ग्रेशियननं ३८२ मध्ये ती काढायला लावली. दोन वर्षांनी सिमॅकस नावाच्या जुन्या वळणाच्या सरदारानं ती परत बसवण्यासाठी अर्ज केला. त्या अर्जातलं एक वाक्य सोळाशे वर्षांनंतरही काळजाला भिडतं : एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेनं पोहोचता येणार नाही. मिलानचा बिशप ॲम्ब्रोज आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला. देवीचं पूजन थांबलं, तिचं नाव राहिलं.

ते नाव चर्चनंही आपलंसं केलं. १५७१ मध्ये लेपांटोच्या आरमारी लढाईत ख्रिस्ती फौजा जिंकल्या आणि विजयाची माता म्हणून मेरीची भक्ती आणखी वाढली. मुंबईत माहीमला व्हिक्टोरिया चर्च आहे. तेही राणीचं नव्हे, विजयमातेचं.

पण मला सगळ्यांत जास्त ओढ लावते ती एका जहाजाची व्हिक्टोरिया. मॅगेलन १५१९ मध्ये स्पेनहून निघाला, पाच जहाजं आणि अडीचशेच्या आसपास माणसं घेऊन. त्यातल्या एका जहाजाचं नाव व्हिक्टोरिया, सेव्हिलमधल्या विजयमातेच्या चर्चवरून ठेवलेलं. मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी एकच जहाज परत आलं, हेच. एल्कानो त्याचा कप्तान, आणि डेकवर फक्त अठरा माणसं, उपासमारीनं खंगलेली. पृथ्वीला पूर्ण फेरी घालणारं हे पहिलं जहाज. विजय हे नाव एवढं महाग क्वचितच कुणाला पडलं असेल.

(दृश्य : लंडन, केन्सिंग्टन राजवाडा.)

२४ मे १८१९. या वाड्यात एक मुलगी जन्मली. आईवडिलांनी जॉर्जियाना, शार्लट, ऑगस्टा अशी घराण्यातली नावं सुचवली होती. तिचा काका, म्हणजे गादी सांभाळणारा युवराज, त्यांना तयार होईना. बारशाच्या वेळी ठरलं : रशियाचा झार अलेक्झांडर धर्मपिता, म्हणून पहिलं नाव अलेक्झांड्रिना, आणि दुसरं आईचं, व्हिक्टोरिया. घरात तिला हाक मारायचे ड्रिना. इंग्लंडच्या राजघराण्यात व्हिक्टोरिया हे नाव तेव्हा परकं वाटायचं, ते बदलावं असा घाटही पुढे घातला गेला. पण २० जून १८३७ रोजी ती राणी झाली आणि तिनं अलेक्झांड्रिना बाजूला ठेवून व्हिक्टोरिया हेच नाव धरलं. परकं म्हणून टाकायला निघालेला हा शब्द पुढची त्रेसष्ट वर्षं जगाच्या नकाशावर उमटत राहिला.

ऑस्ट्रेलियात राज्य, कॅनडात शहर, हाँगकाँगमध्ये बंदर आणि डोंगर, सेशेल्सची राजधानी. माल्टाच्या गोझो बेटावर राबात नावाचं गाव आहे. १८८७ मध्ये त्याचं व्हिक्टोरिया झालं, आणि तिथली माणसं अजूनही राबातच म्हणतात. आफ्रिकेत स्पीक या इंग्रज प्रवाशाला १८५८ मध्ये भलामोठा तलाव दिसला, जवळजवळ ६९ हजार चौरस किलोमीटरचा, त्याला व्हिक्टोरिया. त्याच्या काठावरचे गांडा लोक त्याला नालुबाले म्हणत आले होते. १८५५ मध्ये लिव्हिंग्स्टननं झांबेझी नदीचा धबधबा पाहिला, त्यालाही व्हिक्टोरिया. तिथल्या लोकांचं नाव होतं मोसी-ओआ-तुन्या, गरजणारा धूर. १०८ मीटर खोल कोसळणारं पाणी, वर उठणारे तुषारांचे ढग. कोणतं नाव त्याला शोभतं, हे एकदा डोळे मिटून ऐकलं की कळतं. जागतिक वारशाच्या यादीत आता दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत.

धरती कमी पडली म्हणून की काय, नाव आकाशातही गेलं. १३ सप्टेंबर १८५० रोजी लंडनमध्ये जॉन रसेल हाइंडला एक लघुग्रह सापडला, क्रमानं बारावा. त्यानं नाव ठेवलं व्हिक्टोरिया. अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी हरकत घेतली : आकाशात देवदेवतांची नावं द्यायची, जिवंत माणसांची नव्हेत. हाइंडनं उत्तर दिलं : अहो, ही तर रोमन देवी! तरीही पटत नसेल तर क्लायो म्हणा. काही काळ अमेरिकेत तो लघुग्रह क्लायो या नावानं छापला जायचा. शेवटी हार्वर्डच्या बाँडनं निवाडा दिला की देवीचं नाव आहे, चालेल. त्या नावामागे हाइंडच्या मनात देवी होती की राणी? शब्द एकच असल्यामुळे त्याला दोघींचाही मान राखता आला.

(दृश्य : मुंबई. भायखळा, राणीच्या बागेचं प्रवेशद्वार, रविवारची गर्दी.)

आणि मग आपली मुंबई. इथे या लॅटिन शब्दाचं जे झालं ते मला फार आवडतं.

१८६२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स उघडलं. मराठी माणसानं एवढं लांब नाव कधी घेतलंच नाही, तो म्हणाला राणीचा बाग. पुढे वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं गेलं, तरी पोरं आजही राणीच्या बागेतच जातात. चांदीच्या रुपयावर तिचा मुखवटा आणि इंग्रजीत नाव असायचं. आपण म्हणालो राणीछाप रुपया. एक तोळा वजन, दगडावर आपटला की खणखणीत वाजणारा. आजीच्या गाठोड्यातून असा एखादा रुपया निघतो तेव्हा त्यावरचं नाव कोणी वाचत बसत नाही.

घोडागाडीला मात्र आपण तिचं पूर्ण नाव दिलं. चार चाकं, मागे दुमडणारं टप, पुढे उंचावर गाडीवान, अशा घडणीच्या गाडीला युरोपात व्हिक्टोरिया म्हणत. मुंबईत तो शब्द इतका रुळला की राणी विसरली गेली आणि गाडी राहिली. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं घोड्यांच्या हालांकडे पाहून या गाड्या बंद करायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. २०२१ पासून तशाच दिसणाऱ्या विजेवरच्या गाड्या आल्या.

१८८७ ला राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली. बोरीबंदरला स्टीव्हन्सनं बांधायला घेतलेल्या स्टेशनाला तिचं नाव मिळालं, आणि त्याच वर्षी निघालेल्या तंत्रशिक्षण संस्थेलाही. ती संस्था म्हणजे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, व्हीजेटीआय. १९९७ मध्ये तिथेही वीरमाता जिजाबाईंचं नाव आलं आणि आद्याक्षरं जशीच्या तशी राहिली. स्टेशनाला १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लाभलं. तरी लोकलच्या दारात उभा असलेला माणूस अजूनही विचारतो, व्हीटी आहे का? त्याला त्या व्हीमध्ये राणी दिसत नाही. त्याला घरी जायची गाडी हवी असते.

पण याच नावानं आपल्या लोकांच्या काळजात आगही लावली होती. खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला राणीचा संगमरवरी पुतळा १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी डांबर फासून काळा केला. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसले. आणि २२ जून १८९७ च्या रात्री, गणेशखिंडीत राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना, दामोदर आणि बाळकृष्ण चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिन्ही भाऊ फासावर गेले. त्या रात्री पुण्यात विजय या शब्दाचा अर्थ दोन ठिकाणी दोन होता.

(दृश्य : माणगाव. यशवंत घाडगे यांचा पुतळा.)

आणखी एक व्हिक्टोरिया सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. १८५६ मध्ये राणीनं शौर्यासाठी एक कांस्यपदक सुरू केलं, व्हिक्टोरिया क्रॉस. भारतीय सैनिकांना ते मिळू लागलं १९११ नंतर. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं खोरं. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावून गेले, ग्रेनेड फेकून गन बंद पाडली, गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं लढले, आणि तिथेच कामी आले. बावीस वर्षांचा हा माणगाव तालुक्यातला तरुण.

९ एप्रिल १९४५. सेनिओ नदी. शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. आधी त्यांनी जखमी साथीदारांना सुरक्षित जागी पोहोचवलं, मग एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली. आणि शेवटी नदीच्या उंच बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली, मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्यांच्या छातीवर जे पदक लागलं त्याच्या नावात रोमची एक देवी होती आणि इंग्लंडची एक राणी होती. गळ्यातून निघालेली आरोळी मात्र सह्याद्रीतली होती.

(दृश्य : भायखळा, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं आवार. राणीचा पुतळा.)

तो संगमरवरी पुतळा आता इथे आहे. नाक तुटलेलं, अंगावर झाडांची सावली. शेजारच्या इमारतीचं नावही एकेकाळी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय होतं. १९७५ पासून ते भाऊ दाजींचं आहे. बाहेर फुगेवाला उभा आहे. एक मुलगी वडिलांचा हात ओढत विचारते, बाबा, ही कोण?

राणी, ते म्हणतात. हिच्याच नावाची बाग.