शिकार तिकडे, परवाना इकडे

जुलै २०१५. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे नॅशनल पार्कच्या हद्दीच्या जरा बाहेर एका अमेरिकन शिकाऱ्याने बाण मारून एक सिंह जखमी केला आणि नंतर त्याला ठार केलं. सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बांधलेला जीपीएस पट्टा होता. नाव सेसिल. जगभर लोक किती भडकले ते आठवत असेलच, पण मला पुढचं सांगायचंय, कारण शिकारीसाठी माणूस एवढ्या लांब जातो तो नुसता नेम धरायला जात नाही, त्याला ते मुंडकं, ते कातडं, ती शिंगं घरी आणून भिंतीवर लावायची असतात, आणि घरी आणायचं म्हटलं की दुसऱ्या देशाची सीमा लागते आणि तिथे दुसरा कायदा उभा असतो.

या कायद्याचं मूळ म्हणजे सायटीस, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार. १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या, १९७५ पासून लागू. त्यात प्राण्यांच्या याद्या आहेत, त्यांना परिशिष्ट म्हणतात. पहिल्या परिशिष्टात सगळ्यात धोक्यातले प्राणी, जसा बिबट्या किंवा काळा गेंडा. यांच्यासाठी दोन परवाने लागतात, जिथे शिकार झाली त्या देशाचा निर्यातीचा आणि जिथे माल जाणार त्या देशाचा आयातीचा. आणि क्रम बघा, आयातीचा परवाना मिळाल्याशिवाय निर्यातीचा द्यायचाच नाही. शिवाय आयात करणाऱ्या देशाच्या शास्त्रज्ञांनी सांगायला हवं की यामुळे त्या जातीच्या टिकण्याला धोका नाही, आणि तो माल धंद्यासाठी वापरायचा नाही. दुसऱ्या परिशिष्टात थोडी ढील आहे. गंमत म्हणजे एकच हत्ती बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेत दुसऱ्या परिशिष्टात, बाकी आफ्रिकेत पहिल्या.

बिबट्याचं तर अगदी बारकाईने ठरवलंय. कुठल्या देशाने वर्षाला किती कातडी बाहेर पाठवायची याचा कोटा, एका माणसाला एका वर्षात दोनपेक्षा जास्त नाहीत, आणि प्रत्येक कातड्याला एकदा लावला की परत न उघडणारा टॅग, त्यावर देश, वर्ष आणि कोट्यातला कितवा तो नंबर. हस्तिदंतावर देश, साल, नंबर आणि वजन कोरायचं. हे सगळं का, तर एकाच कागदावर दुसरा चोरटा माल आत जाऊ नये म्हणून. मला वाटतं हा टॅग एखाद्या मोठ्या भाषणापेक्षा जास्त जनावरं वाचवतो.

पण सायटीस म्हणजे किमान अट. कुठल्याही देशाला त्याहून कडक कायदा करता येतो, करारातच तशी सोय आहे, आणि खरा बदल तिथूनच आलाय. सेसिल मरायच्या काही महिने आधी मार्च २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाने सिंहाच्या ट्रॉफी, म्हणजे शिकारीची खूण म्हणून आणलेली मुंडकी आणि कातडी, देशात आणणं बंद केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्सनेही. अमेरिकेने डिसेंबरमध्ये आफ्रिकन सिंह आपल्या धोक्यातल्या प्राण्यांच्या कायद्यात घेतले, म्हणजे आता परवाना हवा असेल तर ती शिकार त्या जातीच्या जगण्याला हातभार लावते हे दाखवावं लागतं. नुसतं नुकसान होत नाही म्हणून चालत नाही. नेदरलँड्सने २०१६ मध्ये आणि बेल्जियमने २०२४ मध्ये लांबलचक यादीच काढली आणि त्यातल्या प्राण्यांच्या ट्रॉफी आणणं बंद केलं. ब्रिटनमध्ये बंदीचं विधेयक २०२३ मध्ये संसदेच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, पास झालं आणि वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, अडकलं.

आता दुसरी बाजू, आणि ती खोटी नाहीये. पाकिस्तानच्या डोंगरांतला मारखोर, वळणदार शिंगांचा रानबोकड, पहिल्या परिशिष्टातलाच. १९९७ साली वर्षाला ६ शिकारींचा कोटा ठरला, २००२ मध्ये तो १२ झाला, आणि फीमधले ८० टक्के पैसे तिथल्या गावांना जातात, त्यामुळे ज्या लोकांनी एकेकाळी त्याला मांसासाठी मारलं तेच आता त्याची राखण करतात. २०१५ मध्ये आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने मारखोरला संकटग्रस्त यादीतून कमी धोक्याच्या गटात आणलं. मला स्वतःला टेकडीवरून बोकड पाडायचं सुख कळत नाही आणि कळणारही नाही, पण गावाने राखलेलं जंगल मी नाकारू शकत नाही. म्हणून मला सरसकट बंदीपेक्षा अमेरिकेची ती अट जास्त पटते, पैसा कुठे गेला आणि जनावरं वाढली का ते दाखव, मग कातडं ने.

आणि अशी अट मागणारा देश उद्या नाही म्हणू शकतो, हे शिकाऱ्यांना फार उशिरा कळतं. ध्रुवीय अस्वलाचंच घ्या. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने समुद्री सस्तन प्राण्यांची आयात बंद केली, १९९४ मध्ये दुरुस्ती करून कॅनडातली अस्वलं आणायला वाट उघडली, आणि मे २००८ मध्ये बर्फ वितळतोय म्हणून अस्वल धोक्यातल्या यादीत गेलं तशी ती वाट परत बंद झाली. त्याआधी ४१ अमेरिकन शिकाऱ्यांनी कॅनडात परवाना काढून, नियम पाळून अस्वलं मारली होती. त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. अस्वलं मेली, पैसे गेले, कातडी कॅनडात पडून राहिली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१३ मध्ये अपील कोर्टाने बंदी योग्य ठरवली.