रात्रभराची आच

(दृश्य : पहाट. अंगणातला स्मोकर, वरच्या झडपेतून निघणारा धूर.)

धुराची ही रेघ बघा. निळसर, दिसेल न दिसेल अशी. हा स्मोकर, म्हणजे मंद आचेवर, धुरात मांस शिजवायची भट्टी. आतला कोळसा रात्री दहाला पेटवलाय. आता पाच वाजलेत, काटा ११० अंश सेल्सिअसवर आहे, आणि मधे एकदाही कोळसा घातलेला नाही.

(दृश्य : आदली रात्र. जुनी राख उपसणारे हात.)

सुरुवात राखेपासून. मागच्या वेळची राख तळाशी राहिली, तर हवेची वाट बुजते आणि मध्यरात्री विस्तव गुदमरतो.

(दृश्य : कोळसा रचला जातोय.)

आता नीट बघा. ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या चुऱ्याच्या साच्यातल्या वड्या, काठोकाठ भरल्यात, पण त्यातली एकही पेटवलेली नाही. रात्रभराच्या कामाला ब्रिकेटच घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे. आकार सारखा, म्हणून मधल्या फटीही सारख्या. लाकडी कोळशात मोठी ढेकळं असतात आणि चुराही असतो. आच कधी भडकेल, कधी बसेल, नेम नसतो.

मधोमध वाटीएवढा खळगा केलाय. त्यात फुललेले दहा-पंधरा निखारे सोडायचे. बस्स, एवढेच. निखारा शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमधून पसरलेली ही पद्धत जिम मिनियन यांच्या नावाने ओळखली जाते.

(दृश्य : जवळून. काळ्या ब्रिकेटची एक कड हळूहळू राखाडी होते.)

(दृश्य : बोटं खालची झडप सरकवतात.)

सगळी किमया इथे आहे. कोळसा किती भरला, त्यावर आच किती वेळ टिकेल ते ठरतं. ती किती चढेल, हे हवेच्या हातात. काटा ९० च्या आसपास आला की खालची झडप आवळायला लागायचं. ११० ची वाट बघत बसलात तर तोवर नको तेवढा कोळसा पेटलेला असतो, आणि पेटलेला कोळसा शांत करणं फार जिकिरीचं. वरची झडप मात्र उघडी ठेवा. ती बंद केली की धूर आत कोंडतो आणि मांस कडवट होतं. झडप जराशी हलवली की पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. खरंच नाही.

(दृश्य : झाकण उघडतं, वाफ, निखारे लालबुंद.)

झाकण उघडलं की काटा पडतो. माणूस घाबरतो, झडप मोकळी करतो. पण हवा आत शिरून निखारे आधीच फुललेले असतात. थोड्या वेळात काटा १४० वर. म्हणून झाकण मिटलेलंच बरं. आतलं पाण्याचं ताटही इथे उपयोगी पडतं : पाणी वाफ होताना उष्णता पिऊन घेतं, चढउतार सौम्य होतात.

मांसाचं आतलं तापमान ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडतं. मांसातलं पाणी वाफ होऊन त्याला गार ठेवतं; घामाने अंग गार पडतं, तसाच हा प्रकार. विस्तवाचा दोष नाही, झडपेला हात लावू नका.

कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. स्मोकर उघड्यावरच पेटवा, घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही नाही.

(दृश्य : सकाळ. मांस उतरवलंय. आत राखेचा ढीग.)

कडेला अजून ओंजळभर ब्रिकेट काळ्याच आहेत. आता विस्तव विझवायला दोन्ही झडपा बंद. पुढच्या वेळी याच आधी भरायच्या.