आबांचं पोट आणि मोठं मशीन

नमस्कार मंडळी, शेतात असाल, स्वयंपाकघरात असाल, रेडिओचा आवाज जरा वाढवा. एक्सरे, सोनोग्राफी, सिटी स्कॅन, एमआरआय, यातलं कोणतं कधी करायचं ते आज बोलायचंय, आणि माझी सुरुवात आबांपासूनच होणार.

आबा अमळनेर तालुक्यातले, वय सत्तरीजवळ. डिसेंबरात मळ्यात भरीत पार्टी झाली, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, वर तेलाची धार, सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणतच नाही, असो. रात्री दोनला उजव्या बरगडीखाली कळ उठली ती पार मागं खांद्यापर्यंत, दोन उलट्या झाल्या, पहाटे आपोआप थांबलं. सकाळी मुलगा घेऊन आला. मी आधी कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला, मग म्हटलं आबा उपाशीच आहेत, लगेच सोनोग्राफी करून घ्या. तर मुलगा म्हणतो, "डॉक्टर, त्या छोट्या मशीनमा काय दिसी? आबाले मोठा मशीनमा टाका."

कापसाचं पेमेंट नुकतंच हातात आलेलं, बापासाठी जीव तुटत होता, त्याला दोष नाही. बाहेर जाऊन सिटी स्कॅन करून आला. रिपोर्ट नॉर्मल! घरात सगळे खूश. आणि पंधरा दिवसांनी लग्नाचं जेवण झालं त्या रात्री परत तीच कळ, तोच खांदा.

या वेळी सोनोग्राफीला मी स्वतः सोबत गेलो. पोटावर थंड जेल लावलं तसे आबा दचकले. स्क्रीनवर पित्ताची पिशवी काळी दिसते, त्यात पांढरे ठिपके, प्रत्येकाच्या मागं काळी सावली. आबांना डाव्या कुशीवर वळवलं तर ते ठिपके गोट्यांसारखे घरंगळत दुसऱ्या बाजूला गेले. मुलगा बघतच राहिला, "मोठा मशीनमा का नही दिसनं?"

कारण सोपं आहे. पित्ताचे बरेच खडे कोलेस्टेरॉलचे असतात, सिटीत ते पित्तासारखेच दिसतात, त्यातच मिसळून जातात. सोनोग्राफीचा आवाज मात्र खड्यावर आपटून परत येतो. म्हणून म्हणतो, मशीन मोठं म्हणून तपासणी मोठी होत नाही. परत सांगतो, मशीन मोठं म्हणून तपासणी मोठी होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात सात खडे निघाले, आबांनी ते औषधाच्या बाटलीत जपून ठेवलेत.

आता बाकीचं भराभर. एक्सरेचा शोध १८९५ चा, पण हाड मोडलं तर आजही पहिला तोच. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला आणि उलट्या होतायत किंवा शुद्ध हरपली, नाहीतर अचानक तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर तिथं सिटी, आणि तीही धावत, कारण लकव्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पोटाच्या एका सिटीत छातीच्या एका एक्सरेच्या कितीतरी पट किरण जातात, गरज असेल तर बिलकुल घाबरू नका, पण हौसेनं करू नका. सोनोग्राफी, एमआरआयमध्ये हे किरण नसतात. बाई गरोदर असेल, दिवस गेल्याची शंका जरी असेल, तरी एक्सरे आणि सिटीच्या आधी सांगायचंच. एमआरआयच्या आधी पेसमेकर असेल तर सांगायचंच.

कंबर धरली की लगेच एमआरआय मागू नका. ताप नाही, पायातली ताकद गेली नाही, लघवी-संडासवरचा ताबा सुटला नाही, मार लागला नाही, पूर्वी कॅन्सर नव्हता, तर बहुतेक दुखणी चार-सहा आठवड्यांत उतरतात. काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी सरकलेली दिसते, विशीतल्या शंभरातल्या तिसेक जणांना दिसते, मग तो रिपोर्ट वाचून माणूस नांगर-वखर सोडून बसतो, हे मला फार लागतं.

आणि डॉक्टरांना सरळ विचारा, या तपासणीनं औषधात काय बदल होणार? विचारायला लाजू नका. जुन्या फिल्म सोबत न्या, घडी न घालता.

उद्या ज्यांची पोटाची सोनोग्राफी आहे त्यांनी आज लवकर जेवून घ्या. सकाळी चहासुद्धा नको, दूध पोटात गेलं की पित्ताची पिशवी आकसते आणि आतले खडे नीट दिसत नाहीत.