क्रॉस जिकडे, तिकडे वाट

नमस्कार श्रोतेहो. आज लंडनला चालायला जाऊ. साधी चप्पल घातलीत तरी चालेल, वाट फुटपाथवरचीच आहे.

एलिझाबेथ राणी १९५२ साली गादीवर आली. १९७७ साली त्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून लंडनने ही वाट आखली. ज्युबिली वॉकवे. लेस्टर स्क्वेअर, बकिंगहॅम पॅलेस, पार्लमेंट, थेम्सचा दक्षिण काठ, टॉवर ब्रिज, सेंट पॉल्स असं करत साधारण २४ किलोमीटर. मला ही कल्पना भारी आवडली. आपल्याकडे सोहळा झाला की कमान उतरते आणि बांबूचे खड्डे तेवढे राहतात. असो.

तर वाटेची खूण काय? फुटपाथमध्ये बसवलेली धातूची गोल चकती. तिच्यावर मुकुट, मुकुटाच्या माथ्यावर क्रॉस. क्रॉस जिकडे, तिकडे वाट. पुन्हा सांगते, क्रॉस जिकडे, तिकडे वाट. दोनदा का सांगते, ते ऐका.

माझ्याबरोबर आत्या होती. पहिलीच चकती दिसली आणि ती थबकली. "अगं, देवळात फरशीवर कासव असतं, तसंच की हे! यावर पाय कसा द्यायचा?" झालं. दिसली चकती की आत्या तिला वळसा घालणार. पदर सावरून, अगदी उजवी घालून. मागचे लोक बिचारे थांबायचे.

लँबेथचा पूल ओलांडून नदीकाठाने निघालो. लंडन आय, तो मोठा पाळणा हो, मागे पडला. पुढे चहा घेतला. कागदी पेल्यात पुडी बुडवलेली! त्याला चहा म्हणायची माझी तयारी नाही, दूध नंतर घाला नाहीतर आधी.

उठलो, तर समोरच चकती. ओली पानं चिकटलेली, क्रॉस झाकलेला. आत्याने प्रदक्षिणा घातली आणि ती संपली तेव्हा जिकडे तोंड होतं, तिकडे चालू पडली. मी तिच्यामागे, गप्पांच्या नादात. बऱ्याच वेळाने आत्या म्हणाली, "काय गं, हा पाळणा मघाशी मागे होता ना?"

तसंच मागे फिरलो. छत्रीच्या टोकाने मी पानं बाजूला केली, क्रॉस बघितला. या वेळी आत्याने प्रदक्षिणा घातली नाही. लांबूनच हात जोडले.